मदत हवी आहे: मेटल डिटेक्टिंग – शेतमालकाशी आधी काय ठरवायचं, आणि खोल सिग्नल लागला की जोडीदाराला थांबवायचं कसं?

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे कोणी मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे असतील, किंवा पुरातत्त्वाशी संबंध असलेले कोणी असतील, तर जरा सविस्तर सल्ला हवाय.

मी आणि माझा एक मित्र मिळून हा छंद करतो. आता एका शेताच्या मालकांनी आम्हाला यायला तोंडी होकार दिलाय. एक भाग नांगरून ठेवलेला आहे आणि त्याला लागून गुरं चरतात ते कुरण. आम्ही राहतो तिथे मालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित यादीत नसेल तर चालतं, ती यादी तपासून झालीय. त्यामुळे प्रश्न कायद्याचा कमी आणि वागण्याचा जास्त आहे.

मित्र मनाने फार चांगला आहे, पण सिग्नल लागला की त्याच्याच्याने थांबवत नाही. खणखणीत आवाज आला, वीतभर खणलं, पिनपॉइंटर (खड्ड्यात धातू नेमका कुठे आहे ते दाखवणारं हातातलं छोटं यंत्र) अजून खालीच दाखवतोय, तर तो अजून खाली जाणार, कोपरापर्यंत हात आत गेला तरी खणतच राहणार. माझं म्हणणं असं की नांगराचा फाळ जिथवर पोचतो तिथवरच आपलं काम, त्याखाली हात लावायचा नाही. तो म्हणतो मालकांनी परवानगी दिलीय ना, मग मध्येच का सोडायचं, आपण सोडलं तर दुसरं कोणीतरी रात्री येऊन काढून नेईल. मला माझं म्हणणं आतून पटलेलं आहे पण त्याला पटेल असं मांडता येत नाहीये.

दुसरं म्हणजे मालकांशी आधी काय काय बोलून घ्यावं? लेखी मागितलं तर त्यांना वाटायचं की हे आपल्यावर अविश्वास दाखवतायत. आणि मित्राला सापडलेली वस्तू लगेच हातात धरून फोटो काढून ग्रुपवर टाकायची सवय आहे, फोटोत मागे शेत, झाडं, घर सगळं दिसतं. हे बरोबर वाटत नाही, पण मी उगाच बाऊ करतोय का?

कोणाला वेळ असेल तर प्लीज लिहा, मैत्रीही टिकवायची आहे आणि काम नीटही करायचं आहे.

जुनानांगर

तुम्ही अजिबात बाऊ करत नाही आहात. आधी खोलीचं बोलतो कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

नांगरट साधारण २० ते ३० सेंटीमीटर जाते, त्या थरातली माती वर्षानुवर्षं उलटीपालटी झालेली असते. तिथे सापडलेलं नाणं किंवा बटण मुळात जिथे पडलं तिथून आधीच सरकलेलं असतं, त्यामुळे ते नीट नोंद करून उचललं तर फारसं काही बिघडत नाही. त्याखालचा थर मात्र जसाच्या तसा असू शकतो. आता तुमच्या मित्राला एवढंच सांगा: डिटेक्टर फक्त धातूवर वाजतो. मडकं, चुलीची राख, हाड, लाकडी खांब कुजून राहिलेला काळा डाग, ह्यातलं काहीच वाजत नाही. आणि फावडं त्या वाजणाऱ्या तुकड्यापर्यंत जाताना नेमकं हेच सगळं कापत जातं. नाणं हातात येतं, पण ते कोणी, कशात, कशासाठी ठेवलं होतं हे सांगणारं सगळं मातीच्या ढिगाऱ्यात गेलेलं असतं आणि ते नंतर कोणालाही परत जुळवता येत नाही.

ह्याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण इंग्लंडमधल्या हॉक्सनचं आहे. १९९२ साली एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातलं घबाड लागलं. काही वस्तू वर आल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन बाकीचं पद्धतशीर काढलं. त्यामुळे नुसती चौदा हजारांवर नाणी मिळाली असं नाही, तर ते सगळं लाकडी पेटीत होतं, आत छोट्या पेट्या होत्या, त्यांची इवलीशी चांदीची कुलपं होती, कुठली वस्तू कशाशेजारी रचली होती, हे सगळं कळलं. लॉज हावऱ्यासारखे खणत राहिले असते तर नाणी तीच मिळाली असती, पण ही पेटी कोणाला कधीच दिसली नसती. (तो हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.)

रात्री कोणी येईल ही भीती खरी आहे, असे चोर असतात. पण त्यावर उपाय म्हणून स्वतःच घाईने उपसायचं नसतं. माती परत टाकायची, जागा आजूबाजूसारखी दिसेल अशी करायची, काठी दगड वगैरे खूण ठेवायची नाही, मोबाईलच्या जीपीएसवर जागा नोंदवायची, मालकांना सांगायचं आणि तिथल्या पुरातत्त्व खात्याला किंवा म्युझियमला त्याच दिवशी फोन करायचा. आणि तोंड बंद ठेवायचं, ग्रुपवर सुद्धा.

पिवळीमाती

थोडं वेगळं मत मांडतो. हल्लीचे ट्रॅक्टर, जड अवजारं, रासायनिक खतं ह्याने जमिनीतला धातू दरवर्षी खराब होतोय. तांबं, कांसं तर खूपच झिजतं. मग काढून घेतलेलं बरं नाही का? जागच्या जागी ठेवून ते काय टिकणार आहे? रानवाट यांच्या मित्राचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही.

जुनानांगर

पिवळीमाती, मुद्दा रास्त आहे, पण तो नांगरटीच्या थराला लागू होतो, आणि म्हणूनच त्या थरात डिटेक्टरवाल्यांचा खरा उपयोग आहे. फक्त "काढणं" आणि "नोंद करून काढणं" ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्नची लढाई (अमेरिकन सैन्य आणि तिथले मूळनिवासी यांच्यातली) झाली १८७६ ला. तिथे १९८३ मध्ये वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली, मग १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी छंद म्हणून डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना सोबत घेऊन मैदान पिंजून काढलं. सिग्नल लागला की तिथे झेंडी, वस्तू जागेवर मोजून नकाशावर, मग उचलायची. काडतुसाच्या पुंगळीवर बंदुकीच्या पिनचा जो ठसा उमटतो तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा, तर त्यावरून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकत गेली हे त्यांना काढता आलं. त्याच पुंगळ्या कोणी आधीच पिशवीत भरून नेल्या असत्या तर ते सगळं भंगार होतं. म्हणून म्हणतो की वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची, कधी कधी जास्तच.

निळीशाई

लेखी कराराबद्दल. घ्याच. अविश्वास वाटेल ही भीती मनातून काढा, उलट तुम्ही स्वतःहून कागद पुढे केलात तर मालकांना बरंच वाटतं की ही माणसं सरळ आहेत. एक पानाचा कागद पुरतो. कुठली शेतं चालतील कुठली नाही, कोणत्या तारखेपर्यंत, कोण कोण येणार (दोघांची नावं, तिसरा मित्र आणायचा नाही), खड्डे बुजवायची जबाबदारी, आणि मुख्य म्हणजे काही मौल्यवान सापडलं तर काय. नाणं सापडण्याआधी हे बोलणं सोपं असतं, सापडल्यावर भले भले बदलतात. पुष्कळ लोक निम्मं निम्मं ठरवतात. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचं अँग्लो-सॅक्सन (रोमन लोकांनंतरच्या काळातलं) सोनं २००९ ला सापडलं तेव्हा ३२ लाख ८५ हजार पौंड किंमत ठरली आणि ती शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात सारखी वाटली गेली.

आणि उलट उदाहरण पण मित्राला वाचायला द्या. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्याच हेरफर्डशायरात दोघा डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातलं घबाड सापडलं, त्यांनी मालकाला सांगितलं नाही, सरकारला कळवलं नाही, परस्पर विकायला काढलं. सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज, हाती लागली ३० च्या आसपास. २०१९ मध्ये दोघं तुरुंगात गेले. मला शिक्षेपेक्षा जास्त वाईट वाटतं ते त्या बाकीच्या नाण्यांचं. त्यात तेव्हाच्या इंग्लंडमधल्या दोन राज्यांचे राजे, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा, यांची जोडीने काढलेली नाणी होती, म्हणजे ज्या काळाबद्दल माहिती अगदी तुटपुंजी आहे त्या काळाचा थेट पुरावा. सरळ वागले असते तर बक्षीसही रीतसर मिळालं असतं.

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: कायदा देशोदेशी फार वेगळा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ट्रेझरच्या (कायद्याने खजिना मानलेल्या जुन्या वस्तूंच्या) व्याख्येत बसणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. फ्रान्समध्ये जुन्या वस्तू शोधायला मालकाची संमती आणि वर प्रशासनाची परवानगी लागते, १९८९ पासून. डेन्मार्कमध्ये मौल्यवान पुरातन वस्तू सरकारची असते, ती जमा करावी लागते आणि बक्षीस मिळतं. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे, दहा रुपयांवरचं काहीही जमिनीत दडलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. त्यामुळे कोणीतरी व्हिडिओत करतं म्हणून आपणही करायचं असं करू नका.

गवतफूल

कुरणाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे गुरं आहेत, मी डिटेक्टरवाल्यांना होही म्हटलंय आणि हाकलूनही दिलंय, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते.

गवतात गोल भोक पाडून चकती बाहेर काढू नका. ती परत बसवली तरी मुळं चारी बाजूंनी तुटलेली असतात, पक्षी उपटतात, यंत्राने उडते, आणि आठवड्याने कुरणभर पिवळे ठिपके दिसतात. घोड्याच्या नालासारखं तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची आणि उलटायचं. माती गवतावर नाही टाकायची, शेजारी कापड किंवा प्लास्टिक अंथरून त्यावर, मग सगळी परत आत, गवत मिटवून पायाने घट्ट दाबायचं. पिनपॉइंटर वापरला तर भोक लहान राहतं. जमीन कोरडी ठक्क असेल तर खणूच नका, कितीही नीट बसवलं तरी ते गवत मरतं, पाऊस पडून ओल आली की या. अर्धवट बुजवलेल्या खड्ड्यात गाईचा पाय गेला की काय होतं ते मी बघितलंय, त्यामुळे ह्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

फाटक जसं होतं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. उभ्या पिकात किंवा नुकत्या पेरलेल्या वाफ्यात पाय नाही. हेडफोन लावा, ती टूंटूं गुरांनाही नको असते आणि माणसांनाही. आणि जे भंगार निघेल, खिळे, तारा, डब्याची झाकणं, शिशाचे तुकडे, ते परत मातीत टाकू नका. शिसं गुरांना विषारी असतं. जाताना भंगाराची पिशवी मालकांना दाखवा, खरं सांगते, एवढ्याने तुमच्याबद्दलचं मत बदलतं. जे काही बरं सापडलं तेही दाखवा, आमच्या जमिनीतून काय निघालं ते बघायची आम्हालाही तेवढीच उत्सुकता असते आणि निम्मे लोक न दाखवता गाडीत बसून निघून जातात.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मित्राला धागा वाचायला दिला. "जे वाजत नाही तेच कापलं जातं" हे वाक्य त्याला लागलं, बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला की हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. आता आमचं असं ठरलंय की कुदळीच्या दांड्यावर नांगरटीच्या खोलीची खूण करायची, त्याखाली सिग्नल गेला की दोघांपैकी कोणीही "थांब" म्हटलं तर वाद न घालता थांबायचं. नांगरट नेमकी किती खोल जाते ते मालकांनाच विचारणार.

फोटोचं मात्र अजून अडलंय. तो म्हणतो लोकांना दाखवल्याशिवाय मजा नाही. आणि घरी जाऊन नाणी घासून चकचकीत करायची त्याला घाई असते, त्यावरही कोणी सांगा.

जुनानांगर

फोटो टाकू दे की, पण घरी आल्यावर, साध्या कागदावर ठेवून, काही दिवसांनी, आणि जागेचं नाव न घेता. मोबाईलच्या फोटोत लोकेशन आपोआप साठतं, ते बंद करा नाहीतर तुम्ही न सांगताही शेताचा पत्ता बाहेर जातो. मालकांना विचारून टाका. खरोखर महत्त्वाचं काही असेल तर तज्ज्ञांनी बघेपर्यंत एकही फोटो नाही.

घासण्याबद्दल ठाम सांगतो, नको. ब्रश नको, व्हिनेगर नको, टूथपेस्ट तर नकोच. नाण्यावर जो रापलेला थर असतो त्यातच बारीक अक्षरं टिकलेली असतात, थर गेला की अक्षरं गेली. सैलसर माती असेल तर पडू द्या, बाकी तशीच छोट्या पिशवीत, पिशवीवर तारीख आणि जीपीएसचे आकडे. पिशव्या एकत्र करू नका, दोन पिशव्यांतल्या वस्तू मिसळल्या की दोन्हींची माहिती गेली.

अजून एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. तोफगोळा, बॉम्ब, हातगोळा असं वाटणारं काही दिसलं तर हलवायचं नाही, साफ करायचं नाही, फोटोसाठी उचलायचं तर नाहीच. लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांतून पहिल्या महायुद्धातले गोळे अजून निघतात आणि त्यातले काही अजून फुटू शकतात. माणसाची हाडं दिसली तरी तसंच, खणणं बंद आणि आधी पोलीस.

निळीशाई

रानवाट, एक राहिलं. जमीन एकाची आणि कसणारा दुसरा असं असेल तर दोघांची संमती लागते. नुसत्या मालकाच्या सहीवर जाऊ नका, ज्याची गुरं तिथे चरतायत त्याला काहीच माहीत नसेल तर पहिल्याच दिवशी भांडण होईल.

रानवाट

अरे हो, कुरण त्यांनी दुसऱ्याला चरायला दिलंय असं मालक बोलता बोलता म्हणाले होते! त्यांचं नाव विचारून घेतो, कागदात त्यांच्याही सहीची जागा ठेवतो. तोपर्यंत फक्त नांगरलेल्या भागात जाऊ.