मदत हवी आहे: एम१०१ मधले एक्स-रे ठिपके गुलाबी डागांवर का बसंनात?

मांजराकाठची:
नमस्कार मंडळी, लातूरकडची आहे, एमएस्सी फिजिक्स दुसरं वर्ष. प्रोजेक्टला जवळच्या सर्पिल दीर्घिकांमधली तारानिर्मिती एक्स-रे मधून असा विषय घेतलाय आणि आता लै अडकलेय. गाईड सरांचा विषय थिन फिल्म, ते म्हणाले तुझं तू बघ मी सही करतो, म्हणून इथं विचारायलेय.

चंद्रा या नासाच्या अंतराळातल्या एक्स-रे दुर्बिणीचा जुना डेटा फुकट मिळतो म्हणून एम१०१ ही सर्पिल दीर्घिका निवडली. साधारण २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं लांब, जवळपास समोरून दिसते, आणि चंद्रानं तिच्याकडं एकूण १० लाख सेकंदांच्या आसपास बघितलंय म्हणजे डेटा भरपूर. डीएस९ या इमेज बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स-रे इमेजवर एच-अल्फाची, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनच्या लाल उजेडाची, इमेज चढवली, गुलाबी डाग म्हणजे जिथं नवे तारे आहेत ते. वाटलं होतं की एक्स-रेचे ठिपके बरोब्बर त्या डागांवर बसतील. तर बरेच ठिपके दीर्घिकेच्या सर्पिल भुजांच्या आसपास आहेत पण डागावर नाहीत, बाजूला सरकलेले, काही तर भुजा सोडून भलतीकडंच.

दुसरं म्हणजे मूळ गोष्टच डोक्यात शिरंना. हे ठिपके बहुतेक न्यूट्रॉन तारे नाहीतर कृष्णविवरं, म्हणजे मेलेले तारे. स्मशानातल्या नोंदवहीवरून गावात बाळंतपणं किती झाली ते सांगायचं असा प्रकार झाला की हा. व्हायवाला बाहेरचे सर हेच विचारणार, काय सांगू?

बालाघाटचा_मास्तर:
ताई प्रश्न एकदम बरोबर आहे, गोंधळू नका. मोठा तारा, म्हणजे सूर्याच्या आठ-दहा पट आणि त्याच्या वरचा, काही कोटी वर्षांत संपतो, लै मोठा असला तर ३०-४० लाख वर्षांतच. सूर्याचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं. म्हणजे मोठा तारा मेलेला दिसला की समजायचं तो परवाच जन्मला होता. आता दोन मोठे तारे जोडीनं असले, एकाचा स्फोट होऊन न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर झालं आणि दुसरा अजून जिवंत आहे, तर त्या जिवंताचा वारा, म्हणजे त्यातून बाहेर वाहणारा गॅस, याच्यावर पडतो, तापतो आणि एक्स-रे निघतात. यालाच एचएमएक्सबी (हाय मास एक्स-रे बायनरी) म्हणतात. जोडीदारच अल्पायुषी आहे, त्यामुळं ही जोडी म्हाताऱ्या वस्तीत सापडूच शकत नाही.

उलट जोडीदार सूर्याएवढा किंवा लहान असला की ती एलएमएक्सबी (लो मास एक्स-रे बायनरी). ती शेकडो कोटी वर्षांनी पण चमकू शकते, म्हणून ती जन्मदर सांगत नाही, दीर्घिकेत जुने तारे एकूण किती ते सांगते. आपल्या शेजारच्या अँड्रोमेडा दीर्घिकेत तारे बनायचा वेग कमी, तिथं यांचीच गर्दी, मधल्या फुगवट्यात तर विचारू नका.

व्हायवाला एक आकडा सांगा. वर्षाला एका सूर्याएवढं वस्तुमान ताऱ्यांत जात असेल तर त्या दीर्घिकेतल्या सगळ्या एचएमएक्सबींचा मिळून एक्स-रे उजेड सरासरी सूर्याच्या एकूण उजेडाच्या ६-७ लाख पट येतो. मिनेओ, गिलफानोव आणि सुन्याएव यांचं २०१२ चं काम आहे, तेच लोक वापरतात. पण सरासरी आहे हां, लहान दीर्घिकेत एखादाच तेजस्वी ठिपका सगळा हिशोब बिघडवतो.

औंढा_रोड:
मास्तरांनी जन्मदराचं सांगितलं, मी सरकण्याचं सांगतो. यात दोन कारणं आहेत.

एक, घड्याळ वेगळं. एच-अल्फा चमकायला एकदम तापलेले तारे लागतात, ते ५०-६० लाख वर्षांत, फार तर कोटभर वर्षांत संपले की गुलाबी डाग विझला. एचएमएक्सबी उशिरा पेटते, काही प्रकार तर चार-पाच कोटी वर्षांनी, छोटा मॅगेलॅनिक मेघ या जवळच्या लहान दीर्घिकेत तसंच दिसलंय. म्हणजे ठिपका पेटेपर्यंत त्याचा डाग गेलेला असतो.

दोन, स्फोटात जोडीला धक्का बसतो आणि ती घर सोडून निघते. हिशोब करून बघा, सेकंदाला १० किमी वेगानं १ कोटी वर्षात १०० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं). एम१०१ च्या अंतरावर ते आकाशात साधारण ३ आर्कसेकंद होतात (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). चंद्राची नजर अर्ध्या आर्कसेकंदाची, त्यामुळं हे सरकणं तुम्हाला दिसायलंय, जुन्या दुर्बिणींना सगळं एकच ढब्बं दिसलं असतं. वेग ३० आणि काळ ४ कोटी वर्षं धरला तर हजार पार्सेकच्या वर जातंय, मग भुजेबाहेर ठिपका सापडला तर नवल काय. ही आकडेमोड रिपोर्टात टाकाच, एका पानाचं काम आहे.

मात्र भुजेबाहेरचे सगळे ठिपके पळून आलेले नसतात. कितीतरी मागच्या दूरच्या दीर्घिकांची केंद्रं असतात, थोडे आपल्याच आकाशगंगेतले तारे असतात. रंगावरून, म्हणजे सॉफ्ट (कमी ऊर्जेच्या) आणि हार्ड (जास्त ऊर्जेच्या) एक्स-रेंच्या गुणोत्तरावरून, एचएमएक्सबी आणि एलएमएक्सबी धड वेगळ्या होत नाहीत, त्या नादी लागू नका. हबलच्या इमेजमध्ये त्या जागी निळा तेजस्वी तारा दिसतो का ते बघा, ती खरी खूण. आणि इमेजच्या कडेला चंद्राची नजर पसरट होते, तिथं ३ आर्कसेकंदाच्या गप्पा मारायच्या नाहीत.

मांजराकाठची:
दोघांचे लै आभार, आत्ता कुठं डोक्यात उजेड पडला. अजून एक, सॉफ्ट बँडमध्ये ठिपके काढून टाकले तरी भुजांवर धूसर उजेड उरतोय. तो काय नॉईज धरायचा का?

बालाघाटचा_मास्तर:
अहो नॉईज नाही, तो तर मुद्द्याचा माल! काही लाख ते कोटभर अंश केल्विन तापलेला गॅस आहे तो, मोठ्या ताऱ्यांच्या वाऱ्यानं आणि सुपरनोव्हांनी तापवलेला. म्हणूनच भुजांना धरून दिसतो. लै जवळून बघायचा असेल तर आपल्या शेजारच्या एम३३ दीर्घिकेमधला एनजीसी ६०४ हा तेजोमेघ काढा. त्याच्या पश्चिमेच्या पोकळ्यांमधला गरम गॅस जवळपास २०० तरुण ताऱ्यांच्या वाऱ्यानं तापलाय असा हिशोब जुळतो, आणि पूर्वेकडं नुसत्या वाऱ्यानं भागत नाही, तिथं आधीच्या सुपरनोव्हांचा हात धरावा लागतो. एकाच तेजोमेघात दोन कहाण्या.

औंढा_रोड:
धूसर भागासाठी एम१०१ चा २००४ च्या सुमाराचा डेटाच घ्या, नवा नको. चंद्राच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं थर साचत गेलाय, त्यानं सॉफ्ट एक्स-रे अडतात. आणि या जोड्यांतल्या काहींचं पुढं दोन कृष्णविवरं नाहीतर दोन न्यूट्रॉन तारे होऊन ते एकमेकांवर आदळणार, त्यातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी ऐकायला आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायलंय. त्यावर एक परिच्छेद टाका, हिंगोलीचं नाव रिपोर्टात आलेलं आम्हाला पण आवडंल.

मांजराकाठची:
टाकते दादा. हबलची इमेज डाऊनलोडला लावलीय, आमच्या नेटवर ती कधी उतरंल देव जाणे. निळे तारे सापडले की इथंच टाकते, तेव्हा कोणता खरा आणि कोणता योगायोगानं त्या जागी आलेला ते कसं ठरवायचं ते सांगा.