पाणी शुद्ध झालं, पण भांड्याचं काय?

थेंबभर:
परवा मुलीची पाण्याची बाटली घासताना झाकणातली रबरी चकती सुरीच्या टोकानं उचकटून काढली. खाली काळपट, बुळबुळीत थर. बाटली मी रोज विसळत होते, पण चकती आजवर एकदाही काढली नव्हती. घरात आरओ आहे, फिल्टर वेळच्या वेळी बदलतो, आणि तेच पाणी त्या थरावरून लेकीच्या पोटात जात होतं. दोन दिवस माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

म्हणून हा धागा. यंत्राची आपण जितकी काळजी घेतो, तितकीच भांड्याची घ्यायला हवी असं माझं ठाम मत झालंय. शुद्ध पाणी साठवणीत पुन्हा बिघडतं. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडवला की बोटंही बुडतात. त्यापेक्षा अरुंद तोंड, घट्ट झाकण आणि खाली तोटी असलेलं भांडं कितीतरी बरं. त्यात आरओमधला कार्बन फिल्टर क्लोरीनही काढून टाकतो, त्यामुळे नंतर शिरलेल्या जंतूंना अडवायला पाण्यात काही उरत नाही. प्लास्टिक तर घरातून हद्दपारच करावं, फक्त स्टील आणि काच ठेवावी. पटतंय का?

रसायनी:
चकतीचं पटलं, बाकीचा क्रम उलटा वाटतो. आधी पाण्यात काय आहे ते तपासा, भांडं नंतर. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट यांना रंग नाही, वास नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण हे तिन्ही तसेच राहतात, उलट वाफ गेल्यानं किंचित घट्टच होतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे आर्सेनिकसाठी 10 मायक्रोग्रॅम, फ्लोराइडसाठी 1.5 मिलिग्रॅम आणि नायट्रेटसाठी 50 मिलिग्रॅम आहे. उत्तमातली उत्तम स्टीलची बाटली यातलं काय अडवणार?

आणि कृपा करून टीडीएस मीटरवर विसंबू नका. ते विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्यात दिसत नाहीत, आणि मायक्रोग्रॅममधलं आर्सेनिक तर नाहीच नाही. आकडा कमी आला म्हणून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एवढ्या कळकळीनं सांगतोय.

थेंबभर:
तपासणी हवीच, मान्य. पण ती वर्षातून एक-दोनदा होणार. बाटली दिवसातून दहा वेळा तोंडाला लागते.

पाऊलवाट:
प्लास्टिक हद्दपार करण्याला माझा विरोध आहे. सगळं प्लास्टिक एका माळेचे मणी नाही. ज्या बीपीएची, म्हणजे प्लास्टिकच्या घडणीतल्या एका रसायनाची, भीती आहे ते पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये असतं. बुडाशी त्रिकोणात 7 असेल तर ते पॉलिकार्बोनेट असू शकतं (7 म्हणजे 'इतर', त्यात बरेच प्रकार येतात). 1 म्हणजे पेट (बाटलीबंद पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, या दोन्ही प्लास्टिकच्या घडणीत बीपीए लागत नाही. उलट पेटच्या पारदर्शक बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास ठेवलं, तर सूर्याच्या अतिनील किरणांनी त्यातले बहुतेक जंतू मरतात. जिथे इंधनाचीच चणचण आहे तिथे ही बाटली जीव वाचवते. जड स्टील आणि पटकन फुटणारी काच प्रत्येकाला झेपत नाही, हेही लक्षात घ्या.

काचमणी:
पाऊलवाट, बीपीएची गोष्ट पुरती सांगा ना. युरोपीय संघानं 2011 मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत ते बंद केलं. मग काही उत्पादनांत त्याच्या जागी बीपीएस हे त्याचंच भावंड रसायन आलं, आणि संप्रेरकांवरच्या परिणामाबद्दल आता त्यावरही तीच शंका आहे. 'बीपीए-मुक्त' एवढ्या दोन शब्दांवर मी माझ्या बाळाचं दूध सोपवणार नाही. शिवाय 2024 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी 2 लाख 40 हजारांच्या आसपास प्लास्टिककण सापडले. त्यातले 90 टक्के नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, आकाराचे होते.

पाऊलवाट:
सापडले, पण शरीराला नेमका काय अपाय करतात ते अजून सिद्ध झालेलं नाही. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही पुरावा अपुरा असल्याचंच म्हटलं होतं.

काचमणी:
पुरावा अपुरा म्हणजे निर्धोक नव्हे. काच हाताशी असताना मी वाट कशाला पाहू?

रसायनी:
त्याच अभ्यासात पॉलिअमाइडचे (नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचे) कण पेटपेक्षा जास्त निघाले होते. ते बहुधा पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमधूनच आले असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे. म्हणजे काच आणली तरी ते कण पाण्याबरोबर येणारच.

रात्रपाळी:
वडिलांची केमो चालू होती तेव्हा डॉक्टरांनी पाणी उकळायलाच सांगितलं होतं. खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट (2000 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं). मग झाकण ठेवून त्याच पातेल्यात निववायचं. मी पहिले काही दिवस निवलेलं पाणी जगमध्ये ओतत होते आणि जग नुसता विसळलेला असायचा. माझी चूक परिचारिकेच्या लक्षात आली. त्यामुळे थेंबभरचं मला शंभर टक्के पटतं. फक्त वडिलांच्या थरथरत्या हातात काच देववत नव्हती, तिथे हलकी प्लास्टिकची बाटलीच कामी आली. तीही रोज साबणानं घासून, उपडी घालून, पूर्ण वाळवलेली.

थेंबभर:
हद्दपारीचा हट्ट मागे घेते. चरे पडलेल्या आणि ऊन खाल्लेल्या बाटल्या मात्र गेल्या म्हणजे गेल्याच. पाण्याचा नमुना उद्या प्रयोगशाळेत देतेय. तरीही घासणीला मी दुय्यम मानणार नाही.

रसायनी:
मानू नका. एकच विचारतो, आरओची साठवण टाकी आतून शेवटची कधी साफ करून घेतलीत?

थेंबभर:
कधीच नाही. फिल्टर बदलला की झालं असं वाटायचं. उद्याच दुरुस्तीवाल्याला बोलावते.