भूजलात एमएससी करायला बाहेर जायचंय, पूर्ण स्कॉलरशिप मिळते का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. परभणीहून कृषी अभियांत्रिकीत बी.टेक. केलंय, सीजीपीए ७.४ आणि दोन वर्षांपासून एका संस्थेत पाणलोटाचं काम करतेय, म्हणजे गावोगाव विहिरींची पातळी मोजायची, शेतकऱ्यांसोबत बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा असं. आता ह्याच विषयात बाहेर एमएससी करायची इच्छा आहे. घरी पाच एकर कोरडवाहू, बाबा म्हणतात जमीन गहाण टाकू पण तू जा, आणि तेच मला नकोय. एका कन्सल्टंटकडे गेले तर त्याने चाळीस लाखाचं लोन आणि इंग्लंडच्या दोन युनिव्हर्सिट्या पुढे केल्या, स्कॉलरशिपचं विचारलं तर म्हणे ह्या मार्कांवर विसरा. खरंच असं असतं का? फी, राहणं, खाणं सगळं धरून मिळतं का कुणाला? सुरुवात कुठनं करायची आणि ते मोटिव्हेशन लेटर म्हणजे नक्की काय लिहायचं? आयईएलटीएस, म्हणजे ती इंग्रजीची परीक्षा, दिलेली नाही, पासपोर्ट घरात कुणाकडेच नाही.

मुळामुठा:
ताई, आधी त्या कन्सल्टंटचं डोक्यातून काढ. बऱ्याच कन्सल्टंटना युनिव्हर्सिटीकडून ॲडमिशनमागे कमिशन मिळतं, स्कॉलरशिपवर जाणाऱ्या पोरीत त्यांना काही सुटत नाही, म्हणून ते सांगतच नाहीत.

मी इरॅस्मस मुंडसवर गेलो होतो, ही युरोपियन युनियनची स्कॉलरशिप आहे, फी माफ आणि वर महिना १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. किमान दोन देशांत शिकावं लागतं, वयाची अट नाही, शेवटच्या वर्षाला असलेले पण अर्ज करू शकतात. ॲडमिशन आणि स्कॉलरशिपचा अर्ज एकच असतो आणि तो थेट त्या कोर्सकडे करायचा, मध्ये कुणी एजंट लागत नाही. तुझ्या विषयात भूजल आणि हवामानबदल असा एक कोर्स आहे, डेल्फ्ट, लिस्बन आणि ड्रेस्डेन मिळून चालवतात. पुराच्या व्यवस्थापनाचा पण एक आहे. कुठल्या कोर्सला कोणत्या वर्षी स्कॉलरशिपचे पैसे आहेत ते बदलत राहतं, म्हणून अधिकृत कॅटलॉगमध्ये बघूनच पुढे जा. अर्ज साधारण ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतात आणि बऱ्याच कोर्सची मुदत डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो, विमानाचं तिकीट, व्हिसा, पहिलं भाडं हे सगळं त्या १४०० मध्येच धरलेलं असतं आणि पैसे साधारण तिकडे पोचल्यावर सुरू होतात. त्यामुळे निघताना हाताशी दीड-दोन लाख लागतातच. ते आत्तापासून बाजूला टाकत जा, त्यासाठी जमिनीला हात लावायची गरज नाही.

आता लेटर. इथे तुझं पारडं जड आहे, हे मी मनापासून म्हणतोय. बहुतेक लोक लिहितात की मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे, तुमची युनिव्हर्सिटी जगप्रसिद्ध आहे वगैरे, आणि निवड समितीने ते शेकडो वेळा वाचलेलं असतं. तू विहिरीपासून सुरू कर. मराठवाड्यात खाली बेसॉल्ट, पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणून एका शिवारात दिवाळीनंतर विहीर तळ गाठते आणि शेजारच्या शिवारात उन्हाळ्यापर्यंत पाणी असतं. तू हे स्वतः मोजलंयस. मग लिही की ह्यातलं तुला काय सुटत नाहीये, मॉडेलिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर भूजलाचा अंदाज बांधणं, येत नाही की आयसोटोपचं काम, म्हणजे पाणी कुठून आलं आणि किती जुनं आहे ते शोधणं, शिकायचंय, आणि त्यांच्या कोर्समधला कुठला पेपर, कुठल्या प्राध्यापकाचं संशोधन त्यासाठी हवंय, नावानिशी. परत येऊन काय करणार तेही एवढंच नेमकं. ७.४ ला घाबरू नकोस, असं लेटर आणि दोन वर्षांचं फील्डवर्क असेल तर नुसत्या ९ वाल्यापेक्षा तू पुढे राहू शकतेस.

कोलोनकर:
वरच्याशी सहमत, पण तिची दोन वर्षं झालीयत ना, मग डाडची, म्हणजे जर्मनीच्या विद्यार्थी-संशोधक देवाणघेवाण संस्थेची, ईपॉस स्कॉलरशिप का सोडायची? जर्मन सरकारच्या पैशांवर चालते आणि खास अशाच लोकांसाठी आहे ज्यांना कामाचा अनुभव आहे, किमान दोन वर्षं लागतात आणि डिग्री शक्यतो सहा वर्षांपेक्षा जुनी नको. मास्टर्सला महिना ९९२ युरो, शिवाय आरोग्य विमा आणि प्रवासखर्चाला रक्कम वेगळी. कोर्सची यादी दरवर्षी निघते, पाण्याचे त्यात असतातच, आमच्या टीएच कोलोनला (उपयोजित विज्ञानाची युनिव्हर्सिटी) आणि स्टुटगार्टला तर पूर्वीपासून आहेत. अर्ज डाडकडे नाही, कोर्सकडेच पाठवायचा, आणि मुदत प्रत्येक कोर्सची वेगळी. अनुभवाचं पत्र संस्थेकडून तारखांसकट घे, फुलटाइम असं स्पष्ट लिहून घे, इंटर्नशिप सहसा धरत नाहीत.

शाहूनगरी:
आपल्याकडच्या योजना पण बघा की, ह्यांची माहिती गावात पोचतच नाही ह्याचं फार वाईट वाटतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी ह्या राज्याच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची. ह्याच सयाजीरावांनी १९१३ ला बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती पण आहे, त्यात अनुसूचित जातींसोबत भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही जागा आहेत, वय ३५ च्या आत, मार्क ६० टक्के, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. फरक एवढाच की इथे आधी युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर हातात लागतं आणि युनिव्हर्सिटी क्यूएस ह्या जगभरच्या विद्यापीठांच्या क्रमवारीत ठरलेल्या नंबरात असावी लागते. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात शेवटपर्यंत वाचा, आणि उत्पन्नाचा दाखला, जातवैधता आधी काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलमध्ये अडकतं.

गोदाकाठ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, हे वाचून रात्री झोपच आली नाही. एक शंका. शिफारसपत्राचं सरांना विचारलं तर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. असं चालतं का?

मुळामुठा:
असं नको करूस गं. बऱ्याच ठिकाणी सरांच्या कॉलेजच्या ईमेलवर थेट लिंक जाते, पत्र त्यांनीच अपलोड करायचं असतं. शिवाय तू स्वतः लिहिलंस तर शिफारसपत्र आणि तुझं मोटिव्हेशन लेटर एकाच हातचं वाटतं. सरांना एक पानभर मुद्दे दे, तुझा प्रोजेक्ट काय होता, त्यांनी तुझं कुठलं काम पाहिलंय, कोर्स कुठला आहे, मुदत कधी आहे, आणि म्हण सर तुमच्या शब्दांत लिहा. दुसरं पत्र संस्थेतल्या वरिष्ठांकडून घे, त्यांनी तुला फील्डवर पाहिलंय. आणि महिनाभर आधी विचार, परीक्षेच्या दिवसांत सरांना वेळ मिळत नाही.

कोलोनकर:
आणि पासपोर्टचं आजच सुरू कर, दहावीच्या सर्टिफिकेटवर, आधारवर आणि डिग्रीवर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते आधी बघ. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं इनिशियल असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे. आयईएलटीएस त्यानंतर, कारण परीक्षेला पासपोर्टच दाखवावा लागतो आणि निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत दिलीस तरी पुढच्या वर्षीच्या अर्जालाही तोच वापरता येईल. लेटरचा पहिला मसुदा झाला की इथेच टाक, मी वाचतो.