एजंटगिरी: स्वतःच्या नावावर की मोठ्या ब्रोकरेज कंपनीत? (पुणे)

खराडीकर
खराडी-वाघोली पट्ट्यात घरांच्या व्यवहारात उतरायचं आहे. सेल्स केलंय, पण दुसऱ्या क्षेत्रात. एक तर महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) एजंट नोंदणी काढून स्वतंत्र, नाहीतर मोठ्या कंपनीत पगार अधिक इन्सेंटिव्ह. आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे. 'स्वतःचा मालक व्हा' छापाची उत्तरं नकोत, आकड्यांत बोला.

पै_पै
आधी नोंदणी. निव्वळ भाड्याची कामं करणार असाल तर महारेरा लागत नाही. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायचं तर लागतंच. विनानोंदणी सापडलात तर दिवसाला १०,००० रुपये दंड, वाढत वाढत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. क्रम असा: प्रशिक्षण, ऑनलाइन परीक्षा, मग ते प्रमाणपत्र जोडून अर्ज. व्यक्तीला शुल्क १०,०००, मुदत ५ वर्षं. कंपनी किंवा भागीदारी काढली की तेच शुल्क १ लाख, तेव्हा मित्राबरोबर एलएलपीची (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीची) घाई नको. कंपनीत गेलात म्हणून परीक्षा टळत नाही, ग्राहकाशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही ती आहे.

आता पैसा. ८० लाखांचा फ्लॅट, बिल्डर २ टक्के देतो असं धरू. दलाली १,६०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २८,८००. मूळ दलालीवर २ टक्के टीडीएस कापला जातो, ३,२००. खात्यात १,८५,६०० दिसतात आणि नवखा माणूस खूश होतो. त्यातले २८,८०० सरकारचे आहेत! शिवाय इनव्हॉइस काढलं की जीएसटी भरायची वेळ येते, बिल्डरने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणून आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवायचा, त्यांच्या अकाउंट्सची मंजुरीची मेल आली की मगच टॅक्स इनव्हॉइस. बिलावर टाकायचा सेवेचा एसएसी कोड ९९७२२२. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर एरवी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण जीएसटी नंबर नसेल तर बरेच बिल्डर चॅनल पार्टनर (त्यांची घरं विकणारा बाहेरचा एजंट) म्हणून घेत नाहीत.

आयकरात सविस्तर हिशेबाऐवजी ठोक टक्क्याने नफा दाखवायची सवलत आहे, ४४एडी म्हणून ओळखली जाणारी. तिचा आधार धरू नका. दलालीचं उत्पन्न त्यातून वगळलेलं आहे. पेट्रोलच्या पावतीपासून हिशेब ठेवावा लागेल.

आणि बुकिंग झालं म्हणजे दलाली पिकली असं नाही. ग्राहकाचे साधारण १० टक्के भरून करारनामा नोंदवला गेला, की बिल लावता येतं. तिथून पुढे ४५ ते ९० दिवस. गृहकर्ज अडकलं तर त्याहून जास्त. पहिल्या साइट व्हिजिटपासून पैसे हातात यायला पाच-सहा महिने धरा. तुमचे आठ महिने काठावर आहेत.

ऑफर_लेटर
हिशेब बरोबर, पण कंपनीची बाजू राहिली. तिथे लीड (संभाव्य ग्राहकांचे नंबर), गाडीभाडं, प्रेझेंटेशन, सगळं आयतं मिळतं. त्याची किंमत ऑफर लेटरच्या दोन ओळींत असते.

पहिली ओळ टार्गेटची. पगार ४०,००० आणि टार्गेट पगाराच्या चौपट असेल, तर महिन्याला १.६ लाख ब्रोकरेज आणायचं. म्हणजे पै_पै यांच्या हिशेबातला अख्खा एक फ्लॅट दर महिन्याला, आणि तोवर इन्सेंटिव्ह शून्य. दुसरी ओळ त्याहून घातक: बिल्डरचे पैसे येतील त्या दिवशी जो नोकरीत असेल त्यालाच इन्सेंटिव्ह. पाच बुकिंगं वाटेत असताना राजीनामा दिलात तर पाचही गेली. ही ओळ बदलून मिळते का, हे सही करण्याआधी विचारा. नंतर कोणी ऐकत नाही.

'सोडल्यावर वर्षभर याच धंद्यात येणार नाही' हे कलम करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. ग्राहकांची यादी उचलून नेणं मात्र वेगळी गोष्ट. ती एक्सेल शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका.

खराडीकर
म्हणजे वर्ष-दीड वर्ष कंपनी, मग स्वतंत्र? आणि टॅगिंगवरून सेल्स ऑफिसात एवढी भांडणं का होतात?

साइट_व्हिजिट
ग्राहकाचा नंबर तुमच्या नावावर बिल्डरच्या सिस्टिममध्ये चढवणं म्हणजे टॅगिंग. मुदत कुठे ३० दिवस, कुठे ६०. ग्राहक ४०व्या दिवशी परत आला आणि टॅग ३० दिवसांचा असेल, तर तो बिल्डरचा 'डायरेक्ट' झाला, तुमचे हात रिकामे. त्याने आधीच बिल्डरच्या जाहिरातीवर फॉर्म भरलेला असला तरी तेच. म्हणून व्हिजिटच्या आदल्या दिवशी टॅग करा, 'क्लिअर' असा लेखी निरोप मागा, आणि नवऱ्याबरोबर बायकोचाही नंबर द्या. अर्धी भांडणं दुसऱ्या नंबरावरून होतात. मुदत संपायच्या दोन दिवस आधी पुन्हा व्हिजिट लावा.

कंपनी किंवा एकटं, या दोनच वाटा नाहीत. छोटे एजंट आपली बुकिंगं मोठ्या चॅनल पार्टनरच्या नावाखाली लावतात, अ‍ॅग्रिगेटर म्हणतात त्याला. महिन्याला एखादं बुकिंग असेल तर बिल्डर दलालीचा खालचा स्लॅब (टप्प्याचा दर) देतो. त्याच्या नावावर दहा गेली की वरचा. तो आपला वाटा कापून घेतो, पण उरतं ते बहुधा एकट्याच्या २ टक्क्यांहून बरं असतं. तुमची महारेरा नोंदणी तरीही हवीच. आणि टक्का, पैशांची तारीख, बुकिंग रद्द झालं तर परतफेड किती, हे तिन्ही मेलवर घ्या. चहाच्या टपरीवर ठरलेला टक्का बिलाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

अकरा_महिने
स्वतंत्र निघालात तर पहिले सहा महिने भाड्यावर काढा. खराडीत आयटीची माणसं, घरं सतत हलती. दलाली एका महिन्याचं भाडं, भाडेकराराच्या नोंदणीसाठी बोटांचे ठसे झाले की त्याच आठवड्यात हातात. महिन्याला दोन-तीन करार झाले तर बिल्डरच्या चेकची वाट बघताना घर चालतं. शिवाय मालकांचे नंबर जमतात, तोच उद्याचा रिसेलचा माल.

रिसेलला साधारण दोन्ही बाजूंनी १-१ टक्का. घर दाखवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर टक्का लिहून 'ओके' घ्या, आणि मालकाकडून इंडेक्स २ (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) मागून नावं बघा. दोन नावं असतील आणि दुसरं माणूस परदेशात असेल, तर कुलमुखत्यारपत्र हाती येईपर्यंत टोकन घेऊ नका.