‘थिअरी’ म्हणजे सिद्धांत? मग हे स्टिकर मराठीत कसं आणू?

वांद्रे_स्लो:
पुढच्या रविवारी दादरला तीस-चाळीस जणांसमोर बोलायचंय. विषय क्रिएशनिझम, म्हणजे जीवसृष्टी देवाने घडवली असं मानणं, आणि शाळा. एका वाक्यापाशी गाडी अडलीय. २००२ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीने जीवशास्त्राच्या पुस्तकांवर स्टिकर चिकटवली होती. म्हणणं असं, की इव्होल्यूशन ही थिअरी आहे, फॅक्ट नाही. मी लिहिलं, ‘उत्क्रांती हा सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नाही.’ बायको म्हणाली, सिद्धांत आहे म्हणजे सिद्ध झालंय ना? मग यांची तक्रार काय? स्टिकरमधला सगळा कावाच उडाला. शास्त्रज्ञांचा अर्थ, म्हणजे पुराव्यांवर टिकलेलं स्पष्टीकरण, आणि ‘नुसता अंदाज’, दोन्ही पोटात घेणारा शब्द हवाय.

मोडीप्रेमी:
उपपत्ती. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष होऊन शेवटी जे टिकतं तो सिद्धांत. थिअरीला तो शब्द लावला तिथेच घोळ झाला.

कुर्ला_लोकल:
उपपत्ती? दहावीतल्या पोराला विचारलं, तो म्हणाला आपत्तीची धाकटी बहीण. साहेब, मुंबईत थिअरी म्हणजे थिअरी. ‘थिअरीत ठीक आहे’ म्हटलं की कामाचं नाही हे कळतं. स्टिकरवाल्यांना हाच अर्थ हवा होता ना? तसाच ठेवा.

पार्ल्याची_मावशी:
शाळेत आम्ही पायथागोरसचं प्रमेय, आर्किमिडीजचं तत्त्व, ओहमचा नियम आणि डार्विनचा सिद्धांत असं घोकलं. कोणाला काय लावायचं हे ठरवलं कोणी? आणि ‘क्रिएशनिझम’चं काय केलंत?

वांद्रे_स्लो:
निर्मितीवाद.

पार्ल्याची_मावशी:
अरे देवा. मला वाटलं, नाटकाचा निर्माता आणि नट मानधनावरून भांडतायत. सृष्टिकर्तावाद म्हणा.

मोडीप्रेमी:
‘उत्क्रांती’ तरी कुठे सरळ आहे? ब्रह्मसूत्रांत उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून निघून जाणं. डार्विनवाल्यांनी तो शब्द पळवला. हिंदीवाले ‘क्रमविकास’ म्हणतात, ते बरं.

कुर्ला_लोकल:
मग गिरणगावाची उत्क्रांती झाली म्हणतात ते तुमच्याच अर्थाने. जीव गेला, टॉवर राहिला.

मोडीप्रेमी:
थट्टा करा. पण शब्दाचं मूळ पाहायचंच नाही तर शब्दचर्चा कशाला?

वांद्रे_स्लो:
मूळ पाहूच, काका. पण या वादात शब्द बदलूनच माल खपवतात, म्हणून मी इतका अडलोय. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा क्रिएशनिझम शिकवायला लावणारा कायदा रद्द केला. त्यानंतर एका पाठ्यपुस्तकाच्या मसुद्यात ‘क्रिएशनिस्ट्स’ खोडून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’, म्हणजे जीवसृष्टीमागे कुणाची तरी योजना आहे म्हणणारे, असं घातलं गेलं. घाईत एके ठिकाणी जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट तसंच राहिलं आणि नवा शब्द मधे घुसला. अमेरिकेतल्याच डोव्हर गावच्या शाळेत हे ‘डिझाइन’ शिकवण्यावरून २००५ साली खटला चालला, त्यात हाच मसुदा पुरावा म्हणून पुढे आला. देव तोच, पाटी नवी.

कुर्ला_लोकल:
म्हणजे दुकान तेच, मालक बदलल्याचा बोर्ड. पण आपल्याकडे कुठे हे?

वांद्रे_स्लो:
२०१८ साली औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, डार्विन चूक, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी जाहीर विरोध केला. मंत्र्यांचं ते वाक्य निदान ऐकू तरी आलं. मला जास्त खुपतं ते दुसरंच. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा धडा होता, तो आता नुसता ‘आनुवंशिकता’ आहे. कारण दिलं अभ्यासाचा भार कमी करण्याचं. तसं असेलही. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र घेतात किती जण? स्टिकर निदान खरवडता तरी येतं.

मोडीप्रेमी:
आनुवंशिकता की अनुवंशिकता? पेपरात दोन्ही दिसतं.

पार्ल्याची_मावशी:
‘आ’च. अनुवंश, त्याचं आनुवंशिक. अनुषंगाचं आनुषंगिक तसं.

मोडीप्रेमी:
मग अनुक्रमाचं आनुक्रमिक म्हणायचं का? कोण म्हणतं?

कुर्ला_लोकल:
मी अनुवंशिकच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं.

पार्ल्याची_मावशी:
कळतं म्हणून बरोबर होत नाही, बाळा.

वांद्रे_स्लो:
थिअरीचं काय झालं?

कुर्ला_लोकल:
एक विचारायचं राहिलं. तुम्ही ‘ते स्टिकर’ म्हणताय. आमच्याकडे तो स्टिकर.