वीज गेल्यावर वजनकाट्याचा प्रोग्रॅम उठत नाही. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलावं का?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ आमचं द्राक्षांचं छोटं पॅकहाऊस आहे. वजनकाट्याला जोडलेल्या जुन्या पीसीवर डेबियन १२ हे लिनक्स आहे. भाच्याने पायथनमध्ये प्रोग्रॅम करून दिलाय: काट्यावरचं वजन वाचायचं, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंदवायचं, पावती छापायची. आरसी डॉट लोकल या बूट होताना चालणाऱ्या फाइलमधल्या एका ओळीने तो चालू होतो. भाचा आता नोकरीला बाहेरगावी.

रात्री वीज जाऊन आली की पीसी उठतो, प्रोग्रॅम मात्र उठत नाही. सकाळी सातला क्रेट भरलेली गाडी दारात आणि मी टर्मिनलशी झटत बसलेली. माल तापतो, शेतकरी ताटकळतात. सिस्टमडी (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू करणारा आणि सांभाळणारा) वापरून त्याची सर्व्हिसही केली, पडला की पुन्हा उठवायचं म्हणून त्यात रीस्टार्ट ऑलवेज लिहिलं, तरी तेच. एकांनी सांगितलं, सिस्टमडी नसलेलं डिस्ट्रो टाका. सीझन ऐन भरात आहे. काय करू?

सातपूर_शिफ्ट
ताई, डिस्ट्रोला आत्ता हात लावू नका. आधी नोंदी दाखवणारी जर्नलसीटीएल ही कमांड चालवा, पुढे -बी आणि -यू देऊन तुमच्या सर्व्हिसचं नाव. शेवटच्या दहा ओळी इथे टाका.

द्राक्षवेल
आधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं चार-पाचदा, मग 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. पुढे काहीच नाही.

सातपूर_शिफ्ट
मग दुखणं सापडलं. पोस्टग्रेस उठायच्या आधीच तुमचा प्रोग्रॅम धावतो आणि पडतो. सिस्टमडी त्याला लगेच पुन्हा उठवतो, कारण रीस्टार्टसेकची, म्हणजे पुन्हा उठवण्याआधी थांबायच्या वेळेची, मूळ किंमत फक्त १०० मिलिसेकंद आहे. आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवून झालं की तो हात टेकतो. म्हणजे तुमचे पाचही प्रयत्न डेटाबेस डोळे उघडायच्या आत संपतात. रीस्टार्ट ऑलवेज लिहूनही सर्व्हिस पडून राहते ती यामुळे.

सिस्टमसीटीएल एडिट करून सर्व्हिसचं नाव द्या. युनिट भागात आफ्टर (त्याच्यानंतर उठ) आणि वॉन्ट्स (त्यालाही उठव), दोन्हींपुढे पोस्टग्रेसक्यूएल डॉट सर्व्हिस. सर्व्हिस भागात रीस्टार्टसेक ५. पाच-पाच सेकंदांनी उठवलं तर ती ५ वेळांची मर्यादा कधी गाठलीच जात नाही. आरसी डॉट लोकलमधली ओळ काढून टाका, नाहीतर प्रोग्रॅम दोनदा चालेल आणि दोघे एकाच पोर्टवर भांडतील.

पोस्टग्रेसक्यूएल डॉट सर्व्हिसचं स्टेटस 'एक्झिटेड' दिसेल, घाबरू नका. डेबियनमध्ये ती नुसती छत्री आहे, स्वतः काही चालवत नाही. खरा डेटाबेस १५-मेन नावाच्या सर्व्हिसमध्ये चालतो.

रनिटवाला
मी घरी व्हॉइड लिनक्स वापरतो, त्यात सिस्टमडीच्या जागी रनिट आहे. रनिटमध्ये सर्व्हिस म्हणजे 'रन' नावाची एक शेल स्क्रिप्ट, पाच मिनिटांत समजते. मला ते मनापासून आवडतं. पण तिथेही डेटाबेसची वाट स्क्रिप्टमध्ये आपणच बघायची असते. चालत्या सीझनमध्ये मी स्वतःसुद्धा मशीन बदललं नसतं.

ओझरकर
काट्याची केबल यूएसबीवर आहे का? प्रोग्रॅममध्ये काट्याचा पत्ता टीटीवाययूएसबी० असा लिहिला असेल तर पुढचं दुखणं तिथे आहे. काटा आणि पावतीचा प्रिंटर दोन्ही यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरवर असले, तर बूट होताना कोण ० होईल आणि कोण १, याचा भरवसा नाही. डेव्हमधल्या सिरियल फोल्डरमध्ये बाय-आयडी आणि बाय-पाथ असे कायमचे पत्ते मिळतात. दोन्ही कन्व्हर्टर स्वस्तातले एकाच जातीचे असले तर त्यांचा आयडी बहुतेक वेळा सारखाच असतो, तेव्हा बाय-पाथ घ्या आणि कोणती पिन कुठल्या भोकात, ते खडूने लिहून ठेवा.

आणि एटकीपर आजच टाका. ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधला प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, राहतो. काल रात्री कोणी काय बदललं, ते सकाळी सातला आठवावं लागत नाही. पॅकेजबरोबर आलेल्या युनिट फाइलला (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलला) थेट हात लावू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. एडिटने केलेला बदल ईटीसीमध्ये वेगळा राहतो, म्हणून टिकतो.

द्राक्षवेल
तीन दिवसांनी लिहितेय. बाय-पाथच घ्यावा लागला, दोन्ही कन्व्हर्टर जुळे होते. काल मुद्दाम मेन स्विच पाडून दोनदा पाहिलं. एकदा पडला, पाच सेकंदांनी उठला, आणि काट्यावर क्रेट ठेवताच पावती आली. सातपूर दादा, ओझरकर, खूप खूप आभार. एकच राहिलं: रात्रभर वीज नसली की सकाळच्या पहिल्या पावत्यांवर जुनीच तारीख येते.

ओझरकर
मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर२०३२ मागा, नाशिकला एमजी रोडवर कुठेही मिळेल. प्लग काढून मगच बदला. आणि वीज आल्यावर पीसी आपोआप चालू व्हावा ही बायोसमधली (मदरबोर्डच्या स्वतःच्या मेन्यूतली) सेटिंग सेल बदलल्यावर पुन्हा तपासा.