विषय: जुन्या कॉम्प्युटरवर टीव्ही आणि रेकॉर्डिंग, तीन हजारांत (मुक्काम सांगली)

प्रेषक: विश्रामबागकर (सध्या गावी)

मंडळी, नमस्कार.

सहा आठवडे सांगलीला आहे, आई-बाबांकडे. एक अडचण आहे, मंडळाच्या ई-मेल लिस्टवर जाणकार पुष्कळ आहेत म्हणून लिहितोय.

आई संध्याकाळी साडेसहाला भजनाला जाते, आठला परत येते, आणि सह्याद्रीवर तिला जे बघायचं असतं ते नेमकं तेवढ्या वेळात होऊन जातं. फोनवर बघ म्हटलं तर म्हणते, "त्या एवढ्याशा काचेत माणसं मुंग्यांएवढी दिसतात." रेकॉर्डिंगवाला डबा घ्यायचा तर महिन्याचं भाडं वाढणार, आणि तो विषय बाबांपुढे काढायची सोय नाही. घरात त्यांचा जुना कॉम्प्युटर आहे: कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम. सध्या त्यावर फक्त पत्ते चालतात.

मी शहाणपणा करून न्यू जर्सीहून आमची यूएसबी ट्यूनरची (टीव्हीचा सिग्नल पकडणारी) काडी घेऊन आलो. तिकडे अँटेनाला लावून फुकटचे चॅनल बघतो, तीच. इथे केबलची वायर जोडली, स्कॅन केलं. शून्य चॅनल. तीनदा केलं, तीनदा शून्य. आई चहा घेऊन मागे उभी, "दिसतंय का रे काही?"

बजेट तीन हजार. बाबांनी ठरवून दिलंय.

---

प्रेषक: सातारचे काका

चि. विश्रामबागकर,

अरे, ती काडी तिथे लावणं म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलावर गळ टाकून अमेरिकेतल्या हडसन नदीचे मासे धरायला बसणं. अमेरिकेतलं हवेतलं प्रक्षेपण एटीएससी पद्धतीचं, आपल्याकडे ते कुठेच नाही. केबलच्या वायरीतून येतं ते डीव्हीबी-सी, म्हणजे केबलची वेगळी पद्धत, आणि तेही कुलूपबंद. किल्ली केबलवाल्याच्या डब्यात.

२०११ साली केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मग टप्प्याटप्प्याने सगळं डिजिटल झालं. त्याआधी साधं ॲनालॉग कार्ड घालून भागायचं. मी ते उद्योग केलेत. तेव्हा चित्र दाबायचं (कॉम्प्रेस करायचं) काम कॉम्प्युटरच्या बोकांडी असे. ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५, न दाबता ठेवलं तर सेकंदाला वीस एमबी होतात. यंत्र नुसतं धापा टाकायचं.

आता तसं नाही. उपग्रहावरून चित्र दाबूनच येतं. कार्डाने ते धरायचं आणि कॉम्प्युटरने जसंच्या तसं डिस्कवर ओतायचं. सेकंदाला चार मेगाबिटचा चॅनल धरलास तर तासाला १.८ जीबी. बाबांचं यंत्र झोपेत करेल.

म्हणून केबलचा नाद सोड आणि दूरदर्शनचं फ्री डिश घे. भाडं नाही, सह्याद्री आहे, आणि त्यातले एमपेग-२ (चित्र दाबायची जुनी पद्धत) चॅनल कुलपाविना येतात. खासगी वाहिन्या लिलावाप्रमाणे येतात-जातात, त्यांच्या भरवशावर राहू नकोस. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. सांगलीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंशांवर. डिशची छत्री दिसायला उभी वाटली तरी तिची नजर बरीच वर असते, हे ध्यानात ठेव. सगळे तिथेच फसतात.

छत्री विकत घेऊ नकोस. बंद पडलेल्या कनेक्शनच्या छत्र्या गल्लीत दर दोन गच्च्यांआड गंजत असतात. एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल धरणारा भाग) मात्र युनिव्हर्सल बघ, ९७५०/१०६०० वाला. जुन्या बाजारातून डीव्हीबी-एसचं (उपग्रहाचा सिग्नल घेणारं) पीसीआय कार्ड घे, विंडोजऐवजी लिनक्स टाक, त्यावर टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: ट्यूनर एकच असला तरी एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे (उपग्रहाच्या एकाच लहरीतून एकत्र येणारे) दोन-तीन चॅनल एकदम रेकॉर्ड होतात.

येताना साताऱ्यात थांबून पेढे आण. भडंग नको, इथे अजून मागच्या वेळचं आहे.

---

प्रेषक: मिरजेची सून

काकांचं बरोबर आहे, पण खासगी चॅनलच हवे असतील तर दुसरी वाट आहे. सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना यूएसबीच्या कॅप्चर काडीत घालायच्या. सासरी मी तेच केलंय. स्वस्त पडतं, पण कटकट आहे: डबा त्याच चॅनलवर लावून ठेवावा लागतो, मध्ये कुणी रिमोट दाबला की सासूबाईंच्या मालिकेत क्रिकेट घुसतं.

एक चूक तुम्ही करू नका. मी एमपी४ मध्ये रेकॉर्ड करत होते. वीज गेली, पाऊण तासाची फाइल अख्खी वाया. एमपी४ ची सूची फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते, ती लिहिलीच गेली नाही तर काही उघडत नाही. फाइलचा प्रकार एमकेव्ही किंवा टीएस ठेवला तर वीज जाईपर्यंतचं तरी राहतं.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

छान चाललंय! एखादं नाटक रेकॉर्ड झालं तर पाठवशील का? गणपतीत हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावू.

---

प्रेषक: विश्रामबागकर (अजून गावीच)

काका, ताई, झालं एकदाचं!

छत्री शेजारच्या काकूंच्या गच्चीवर मिळाली. त्या तिच्यावर सांडगे वाळत घालत होत्या. सांडग्यांना आमचं मोठं ताट दिलं आणि छत्री उचलून आणली. कार्ड ९००, एलएनबी ३००, वायर आणि पिना ५००, जुनी ५०० जीबीची डिस्क ८००. एकूण २,५००. उरलेले पाचशे बाबांनी त्याच दिवशी परत मागून घेतले.

पहिली संध्याकाळ फुकट गेली. दिशा बरोबर, कोन बरोबर, सिग्नल शून्य. शेवटी वायरीची पिन उघडली. बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तांब्याच्या तारेला टेकला होता. कार्ड याच वायरीतून एलएनबीला १३ नाहीतर १८ व्होल्ट पाठवतं, ते या धाग्यातूनच शॉर्ट होत होते. कॉम्प्युटर बंद करून (काका ओरडायच्या आत सांगतो) धागा मागे दुमडला, पिन नव्याने आवळली. मग मी गच्चीवर छत्री केसभर केसभर सरकवतोय आणि बाबा खिडकीतून आकडे ओरडतायत, "चाळीस! बावन्न! अरे गेला, गेला! होता तिथं आण!" ७१ वर बोल्ट कसला.

पहिल्या रविवारी एक जुनं नाटक रेकॉर्डला लावलं. दोन अंक सुरेख आले आणि तिसऱ्यात पात्र बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबलं. डिस्कवर फॅट-३२ ही जुनी मांडणी होती, तिथे एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही. नाट्यपंढरीत तिसरा अंक कापला म्हणून आईने दिवसभर ऐकवलं. डिस्कची मांडणी बदलून ईएक्सटी४ करून घेतली.

पुढचा घोटाळा जास्त मजेदार. कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायला बाबा तयार नाहीत, म्हणून बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) रोज १८:२० चा गजर लावला, की यंत्र आपलं आपण उठेल. उठलं. रात्री अकरा पन्नासला! अंधारात पंखा घरघरला, दिवा लुकलुकला, बाबा काठी घेऊन हॉलमध्ये. लिनक्सने बायोसचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, नेलं होतं, साडेपाच तास मागे. गजर १२:५० केला, आता ६:२० ला बिनचूक उठतं. फाइल टीएसमध्ये ठेवतो, ताई.

समितीला: घरी आईने नंतर बघणं वेगळं, हॉलमध्ये दीडशे माणसांना दाखवणं वेगळं. त्याला हक्कदारांची परवानगी लागते. ते रेकॉर्डिंग मी पाठवणार नाही, आणि तिसरा अंक तसाही नाहीये.

आई आता भजनाहून येते, पाय धुते आणि थेट मॉनिटरपुढे बसते. जाहिराती पुढे ढकलता येतात हे तिला परवा कळलं. बाबा म्हणतात, "जाहिराती राहू दे, तेवढ्यात चहा होतो."

ती अमेरिकन काडी परत आणतोय. तिकडे अँटेनाला लावायला कुणाला हवी असेल तर सांगा. सोबत भडंगाच्या दोन पिशव्या घ्याव्या लागतील.